नाव शेवटी कळायचं

जुलै-ऑगस्टात सह्याद्रीतल्या कुठल्याही सड्यावर जा, उकिडवी बसलेली माणसं दिसतात. फोन फुलाच्या तोंडाशी नेलेला, पडद्यावरचे पावसाचे थेंब अंगठ्याने निपटायचे, श्वास रोखायचा आणि फोटो. दोन-तीन सेकंदांत लॅटिन नाव उमटतं, त्याखाली आणखी चार-पाच शक्यता. कुणीतरी ते नाव मोठ्याने वाचतं, बाकीचे माना डोलावतात आणि सगळे पुढच्या फुलाकडे सरकतात.

मला ही माणसं आवडतात. आठवडाभर बँकेत, दवाखान्यात नाहीतर आयटी कंपनीत राबून रविवारी पहाटे निघालेली, आणि गवतातल्या बोटभर फुलासाठी चिखलात गुडघे टेकणारी. आमच्या काळी रानात असं झाडासमोर बसणारं माणूस म्हणजे एकतर वनस्पतिशास्त्राचं, नाहीतर वैदू. वाटेवरची गुराखी पोरं थांबून विचारायची, "काय हरवलंय का?"

तेव्हाच्या आणि आताच्या या बसण्यात एक मोठा फरक आहे. झाडाचं नाव तेव्हा शेवटी कळायचं, आता ते सगळ्यात आधी कळतं. या एका उलटापालटीने रानाशी असलेली आपली ओळखच बदलली असं मला वाटतं. म्हणून ते नाव शेवटी कळण्याचे दिवस एकदा नीट सांगावेसे वाटतात.

ऐंशीच्या दशकात मी पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकत होते. पावसाळी सहल निघायची ती एस.टी.ने. खंडाळा, महाबळेश्वर, क्वचित आंबोली. मुक्कामाच्या सहलीसाठी घरून परवानगी मिळवणं हे आम्हा मुलींचं पहिलं काम, आणि काहींना ते शेवटपर्यंत जमलं नाही. खांद्याला वास्कुलम, म्हणजे पत्र्याचा लांबट, झाकणाचा डबा. त्यात ओलं फडकं घातलं की तोडलेली फांदी संध्याकाळपर्यंत टवटवीत राहायची. पिशवीत खुरपं, ब्लेड, सुया, दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग आणि रद्दीचा गठ्ठा. कॅमेरा असलाच तर सरांकडे. रोल जपून वापरायचा, त्यामुळे फोटो निघायचा तो आमच्या घोळक्याचा. फुलांच्या वाट्याला क्वचित यायचा.

सर नाव सांगत नसत. कुणी फूल पुढे केलं की ते म्हणायचे, "आधी कूळ सांगा." मग सुरुवात खोडापासून. बोटांत फिरवून बघा, गोल लागतंय की चौकोनी? पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक? पान चुरगळून वास घ्या. देठ मोडल्यावर चीक येतो का, आणि आला तर पांढरा की पिवळा? चौकोनी खोड, समोरासमोर पानं, ओठासारखं दुभंगलेलं फूल एवढं जमलं की आम्ही ओरडायचो, "तुळशीचं कूळ!" सर ब्लेड पुढे करायचे. कारण कारवीच्या कुळातही फुलाला ओठ असतात, पानं समोरासमोर असतात आणि बऱ्याचदा खोडही चौकोनी असतं. फुलाचा तळ उघडून बघितल्याशिवाय निकाल नाही. आत चार सुटे इवले दाणे दिसले तर तुळस. दोन कप्प्यांचं बोंड धरायला लागलेलं दिसलं तर कारवी. तो निकाल लावताना भिंग डोळ्याला इतकं जवळ धरलेलं असायचं की पापण्या काचेला लागायच्या.

रात्री मुक्कामी कंदिलाच्या किंवा मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात कूकचं पुस्तक निघायचं. थिओडोर कूक हा पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा प्राचार्य होता. निवृत्तीनंतर त्याने लंडनजवळच्या क्यू उद्यानात बसून 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' हा ग्रंथ लिहिला. १९०१ ते १९०८ या काळात तो प्रसिद्ध झाला आणि १९५८ साली भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने तीन खंडांत पुन्हा छापला. आमच्या हातात यायचे ते हे पुनर्मुद्रणाचे खंड, तेही विभागाच्या कपाटातून सही करून घेतलेले. खंडाळ्याला गेलो तर जोडीला फादर सांतापाव यांचा १९५३चा खंडाळ्याचा फ्लोरा. या पुस्तकांत चित्रं जवळजवळ नसत. असायची ती 'की'. म्हणजे दोन-दोन विधानांची जोडी: पाकळ्या जुळलेल्या की सुट्या, पुंकेसर चार की दोन, फळ लवदार की गुळगुळीत. प्रत्येक जोडीतलं एक खरं मानायचं आणि पुढच्या जोडीकडे जायचं. एका पायरीवर पाऊल चुकलं की तासाभराने आपण भलत्याच कुळात उभे आहोत असं लक्षात यायचं, आणि पुन्हा पहिल्या जोडीपासून सुरुवात.

परतल्यावर दाबायचं काम. रद्दीच्या घड्यांत रोप पसरायचं, एखादं पान मुद्दाम उलटं ठेवायचं म्हणजे मागची बाजूही दिसते, वरून टीपकागद, आणि लाकडी चौकटींमध्ये पट्ट्यांनी आवळायचं. पावसाळ्यात कागद वाळत नसे. पहिले काही दिवस रोज कागद बदलायचे, ओले कागद चुलीजवळच्या दोरीवर घालायचे, नाहीतर इस्त्री फिरवायची. वाळलेलं रोप कीड लागू नये म्हणून विषारी द्रावणात बुडवून साधारण २९ बाय ४२ सेंटिमीटरच्या जाड कागदावर चिकटवायचं, आणि खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी: ठिकाण, तारीख, उंची, गोळा करणाऱ्याचं नाव, फुलाचा ताजा असतानाचा रंग, कारण वाळल्यावर रंग उडतो. या चिठ्ठीत नावाची ओळ बहुतेक वेळा रिकामी असायची. ती भरायला आम्ही कागद बगलेत मारून कोरेगाव पार्कातल्या वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयात जायचो. १९५५ साली सुरू झालेल्या त्या पश्चिम विभागाच्या संग्रहात हजारो वाळलेले नमुने लोखंडी कपाटांत रचलेले असत. तिथले शास्त्रज्ञ एक फडताळ उघडून जुना कागद काढायचे, आमचा शेजारी ठेवायचे आणि बोटाने दाखवायचे: हा देठ बघा, तुमच्यात तो नाही.

असं करता करता नाव मिळायचं. कधी आठवड्याने, कधी पुढच्या पावसाळ्यात. आणि तोवर त्या झाडाचं खोड, पान, चीक, वास, फुलाचा तळ, फळाची फोड, ते उगवतं तो कातळ, शेजारी उगवणारं गवत, सगळं आपलं झालेलं असायचं. नाव मिळालं की ते त्या सगळ्याला चिकटून बसायचं आणि मग आयुष्यभर सुटायचं नाही.

हे सगळं फार थोड्यांच्या वाट्याला यायचं, हेही तितकंच खरं. पुस्तकं इंग्रजीत, महाग आणि कपाटात बंद. ज्याला कॉलेज नाही त्याला 'की' नाही. हे कुंपण मोडायला सुरुवात केली ती चांगल्या रंगीत छायाचित्रांच्या पुस्तकांनी. डॉ. शरदिनी डहाणूकरांच्या 'फुलवा'ने मराठी वाचकाला झाडांकडे बघायची गोडी लावली, आणि २००१ साली श्रीकांत इंगळहळीकरांचं 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री' आलं तेव्हा डोंगर चढणाऱ्या कुणाच्याही पाठपिशवीत मावेल असं काही पहिल्यांदा हाती आलं. इंगळहळीकर पेशाने अभियंते. वनस्पतिशास्त्राच्या बाहेरचा माणूस केवढं काम उभं करू शकतो, हे आमच्या विभागातल्या पुष्कळांना तेव्हा नव्याने कळलं.

माझं दुसरं शिक्षण मात्र कॉलेजच्या आधीच सुरू झालं होतं, सुधागड तालुक्यात आत्याच्या ओट्यावर. मृगाचा पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की कातकरी मावशी डोक्यावर पाटी घेऊन यायची. पाटीत शेवळं. रोहिणी-मृगाच्या पावसात जमिनीतून पानांच्या आधी फूल वर येतं, जांभळट-तपकिरी आवरणात गुंडाळलेला लांब कोंब, त्याच्या जुड्या बांधलेल्या. आणि जुडीबरोबर नेहमी मूठभर काकडं, हिरवी, गोटीएवढी आंबट फळं. काकडं न घेता नुसती शेवळं मागितली तर मावशी देत नसे. "घसा धरंल, मग मला शिव्या घालाल." शेवळात सुयांसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, तेच घशाला खाजतात, काकडाच्या आंबटाने ती खाज मरते. स्फटिकांचं मला पुढे कॉलेजात कळलं. मावशीला खाज ठाऊक होती आणि तिच्यावरचा उतारा ठाऊक होता.

आत्या हाताला तेल लावून शेवळं साफ करायची. वरची आवरणं सोलायची, आतला दांडा काढायचा, त्याच्या तळाशी असलेला पिवळा दाणेदार भाग खरवडून टाकून द्यायचा, उरलेलं बारीक चिरायचं. तोवर मावशी ओट्यावर टेकून चहा पीत पुढच्या महिन्याचं सांगून ठेवायची. भारंगीची पानं आणीन, पण उकडून पहिलं पाणी फेकायचं. कोरळ कोवळी तेवढीच. कंटोळी श्रावणात. कडू कंद आमचे आम्ही खातो, तुम्हाला जमायचे नाहीत. ते राखेत उकडून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवावे लागतात. तिच्या बोलण्यात झाडाचं नाव एकटं कधी येतच नसे. त्याच्याबरोबर महिना यायचा, जागा यायची, कोवळं किती ते यायचं, कशाबरोबर शिजवायचं ते यायचं, आणि कुणी खाऊ नये तेही यायचं.

आता माझे विद्यार्थी फोन घेऊन रानात जातात आणि मीही घेऊन जाते. ही साधनं आली कशी तेही मजेचं आहे. २००८ साली कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी पदव्युत्तर अभ्यासाचा प्रकल्प म्हणून आयनॅचरलिस्ट सुरू केलं. २०१३ साली फ्रान्समधल्या संशोधन संस्थांनी प्लँटनेट आणलं. त्यात फोटो टाकताना हे पान आहे, फूल आहे, फळ आहे की साल, ते सांगता येतं, आणि ही सोय ज्याने सुचवली त्याने नक्की कधीतरी 'की' वापरली असणार. २०१७ साली आयनॅचरलिस्टमध्ये फोटोवरून जात सुचवणारी यंत्रणा आली आणि त्याच वर्षी गूगल लेन्सही. तिथून पुढे रविवारच्या सड्यावरचं चित्र बदललं.

मला या बदलात सगळ्यात मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. आदिवासी पाड्यावरून आलेला माझा एक विद्यार्थी सड्यावरच्या पाण्याच्या डबक्यातल्या इवल्या जांभळ्या फुलाचा फोटो टाकतो. ते यूट्रिक्युलेरिया, पाण्यातले सूक्ष्म जीव इवल्या पिशव्यांत ओढून खाणारं झाड. यंत्र त्याला एक नाव सुचवतं. रात्री केरळातला एक अभ्यासक खाली लिहितो की ही ती जात नव्हे, फुलाची शिंगासारखी मागे आलेली टोकदार नळी बघ, तिची दिशा बघ. दुसऱ्या दिवशी तो मुलगा पुन्हा सड्यावर जाऊन बाजूने फोटो काढतो. आमच्या वेळी केरळातल्या अभ्यासकाला विचारायचं तर नमुना पार्सलने धाडायचा, सोबत सरांचं पत्र जोडायचं आणि उत्तराची वाट बघायची. आमच्या सरांच्या पत्राशिवाय आम्हाला कुणी उत्तर दिलं असतं असं वाटत नाही. या मुलाला कुणाचं पत्र लागलं नाही. मला याचा हेवा वाटत नाही, आनंद वाटतो.

पण फोटोवरून ओळखणारं यंत्र बघतं ते फोटोत असेल तेवढंच. टाकळ्याचं उदाहरण घेते, कारण त्यात जीवाचा प्रश्न आहे. पहिल्या पावसात रस्त्याच्या कडेला टाकळा माजतो आणि त्याची कोवळी पानं कोकणात घरोघर खातात. त्याच्याच आसपास कासविंदा उगवतो. फुलं दोघांची पिवळी, पानं दोघांची संयुक्त, दोघांना उग्र वास. कासविंद्याच्या शेंगांतल्या बिया विषारी आहेत; उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात लहान मुलं कित्येक वर्षं थंडीच्या दिवसांत गूढ मेंदूज्वराने दगावत होती, त्यामागे बहुधा ह्याच बिया खाणं होतं, असं डॉक्टरांच्या एका गटाने २००७ साली दाखवून दिलं. टाकळ्याच्या पानात पर्णिकांच्या तीनच जोड्या, टोकं बोथट. आणि खालच्या जोड्यांच्या मधोमध, दांडीवर, सुईच्या टोकाएवढी एक ग्रंथी. कासविंद्याच्या जोड्या जास्त, पर्णिका टोकदार, आणि ग्रंथी पानाच्या देठाच्या अगदी तळाशी. टाकळ्याची शेंग लांब, बारीक, विळीसारखी वाकडी, कासविंद्याची चपटी. वरून काढलेल्या फोटोत ग्रंथी दिसत नाही. शिवाय भाजी खुडायची ती पावसाच्या सुरुवातीला, जेव्हा शेंगही नसते आणि फूलही नसतं. यंत्राला शिकवलेले फोटो बहुतेक फुललेल्या झाडांचे, कारण माणसं फुलांचेच फोटो काढतात. रानभाजी मात्र कोंबात खाल्ली जाते. म्हणजे जिथे चूक महाग पडते नेमकं तिथेच यंत्राचा डोळा अधू आहे. आत्याने मला टाकळा शिकवला तो पान हातात घेऊन, जोड्या मोजून. ग्रंथीचं नाव तिला माहीत नव्हतं, पण "देठात डोळा आहे का बघ" हे ती सांगायची.

अळंबीच्या बाबतीत तर हा प्रश्न आणखी टोकाला जातो. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात खाल्ली जाणारी खरी अळंबी वारुळावर येते. वाळवी जमिनीखाली चावलेल्या पालापाचोळ्याचे स्पंजासारखे पोळे रचते आणि त्यावर ही बुरशी वाढवते. वाळवी बुरशीवर जगते, बुरशी वाळवीने आणून दिलेल्या पालापाचोळ्यावर. जून-जुलैत ढग गडगडले, जमीन मुरली की त्या पोळ्यांतून छत्र्या वर फुटतात. छत्रीच्या मध्यावर टोक आलेलं असतं, जमीन भेदून वर यायचं असतं म्हणून ते कठीण. आणि देठ खाली मुळासारखा लांबत थेट पोळ्यापर्यंत गेलेला. मावशीचा नियम दोन शब्दांचा होता: वारुळावरची, माहितीची. वारुळाची जागा ती कुणाला सांगत नसे, आणि दुसऱ्या जागची अळंबी कितीही देखणी असली तरी पाटीत घेत नसे. चांदीचा चमचा काळा पडतो का, लसूण काळी होते का, असले प्रयोग ती करत नसे. त्या परीक्षांत काही तथ्य नाही, त्यांवर विसंबून माणसं मेलेली आहेत.

आता शहरात काय होतं ते बघा. सोसायटीच्या हिरवळीवर पाऊस पडला की पांढऱ्या, खवल्यांच्या, ताटलीएवढ्या छत्र्या उगवतात. क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. दिसायला अगदी खाण्याजोगी, खाल्ली तर काही तासांत उलट्या-जुलाबांनी माणूस आडवा. तिची खूण छत्रीच्या पोटाशी आहे: तिथल्या पडद्या कोवळ्या असताना पांढऱ्या असतात, पिकल्यावर हिरवट होतात. छत्री कापून रात्रभर पांढऱ्या कागदावर पालथी ठेवली, वर वाटी झाकली, तर सकाळी कागदावर हिरवट भुकटीचा ठसा उमटतो. वारुळावरच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबी. हा ठसा फोनला घेता येत नाही. लोक उभ्या उभ्या वरून फोटो काढतात, आणि वरून शंभर जाती सारख्या दिसतात.

ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याच्या विषबाधा माहिती केंद्राकडे आलेल्या ७८ अळंब्यांचे फोटो तीन अ‍ॅपना दाखवून २०२३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यात बऱ्या अ‍ॅपने निम्म्याच्या आसपास जाती बरोबर ओळखल्या; बाकीच्या दोघांनी साधारण तिसऱ्या हिश्शाएवढ्या. ही गत तिथली, जिथे अळंब्यांचे फोटो आणि नोंदी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत. जगात बुरशीच्या २२ ते ३८ लाख जाती असाव्यात असा अंदाज आहे आणि त्यांतल्या दीड लाखाच्या आसपासच वर्णन झालेल्या आहेत. ज्या जातीला अजून नावच मिळालेलं नाही तिचं नाव फोन कुठून सांगणार? तो जवळचं एक नाव पुढे करतो. म्हणून मी वर्गात पहिल्याच दिवशी सांगते: अ‍ॅपवर विसंबून रानातली एकही गोष्ट तोंडात घालायची नाही. ना पान, ना कंद, ना अळंबी. यात सवलत नाही.

भीमाशंकरच्या जंगलात पावसाळी रात्री कुजक्या फांद्या हिरवट चमकतात, तीही बुरशीच. ती बघायला गेलं की आता पहिला हात फोनकडे जातो. आम्ही गेलो होतो तेव्हा सरांनी सगळ्यांच्या बॅटऱ्या बंद करायला लावल्या आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत गप्प उभं केलं. आजच्या मुलांनाही मी तेच करायला लावते. तो उजेड फोनच्या प्रकाशात दिसतच नाही.

मला खरं दुःख होतं ते दुसऱ्याच एका जागी. कृषी विभाग हल्ली गावोगाव रानभाजी महोत्सव भरवतो, आणि ही फार चांगली गोष्ट झाली आहे. रानातून भाजी आणणाऱ्या बायकांना त्यामुळे मान मिळाला आणि पैसाही. पण तिथे मी बघते, शहरातून आलेली माणसं टेबलावरच्या जुडीवर फोन धरतात, पडद्यावर आलेलं नाव वाचतात, खाली आलेली पाककृती वाचतात आणि जातात. टेबलामागे ती भाजी खुडून आणलेली बाई बसलेली असते. तिला कुणी विचारत नाही. ती कुठून आणली, कोवळी का एवढीच, पाणी एकदा काढायचं की दोनदा, बाळंतिणीला चालते का, हे सगळं तिच्याजवळ आहे आणि पडद्यावर नाही. पूर्वी विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. त्या नाइलाजाने आत्या आणि मावशीचं नातं पंचवीस-तीस वर्षं टिकवलं होतं.

आणि गंमत अशी की यंत्राकडे जे काही ज्ञान आहे तेही शेवटी अशाच माणसांचं आहे. लाखो फोटोंवरून ते शिकलं, पण त्या फोटोंना नावं दिली कुणी? रात्री जागून दुसऱ्यांचे फोटो तपासणाऱ्या अभ्यासकांनी. त्यांनी ती कशावरून दिली? फ्लोरांवरून, कपाटांतल्या वाळक्या कागदांवरून. त्या कागदांवरच्या चिठ्ठ्यांत स्थानिक नाव आणि उपयोग अशी एक ओळ असे, आणि ती ओळ रानातल्या कुणा मावशीने सांगितलेली असे. तिचं नाव मात्र चिठ्ठीत कधी नसायचं. गोळा करणाऱ्या साहेबाचं असायचं. जुन्या पद्धतीचा एवढा एक दोष मला अजूनही सलतो, आणि नव्या साधनात तो दुरुस्त करायची सोय आहे.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी आयनॅचरलिस्टवर नोंद करताना काही गोष्टी सक्तीच्या केल्या आहेत. एकच फोटो चालत नाही. पूर्ण रोप, पानाची मागची बाजू, देठाचा तळ, फूल समोरून आणि बाजूने, आणि ते कशावर उगवलंय ते. अळंबी असेल तर पोटाचा फोटो आणि मातीतून सोडवलेल्या बुडाचा. कंदीलपुष्पं, ऑर्किड अशा दुर्मीळ झाडांची जागा झाकून ठेवायची. आमचे सर कंदीलपुष्पाचा उतार आम्हालाही नीट सांगत नसत, आणि फुलासकट कंद उपटून नेणारे आता कमी झालेले नाहीत, वाढले आहेत. फोटोखाली टिपणीत स्थानिक नाव, ते कुणी सांगितलं आणि आणखी काय सांगितलं, हे सांगणाऱ्याला विचारून, त्याच्या किंवा तिच्या नावानिशी लिहायचं. यंत्राने सुचवलेलं नाव लगेच 'मान्य' करायचं नाही. आधी दोन खुणा स्वतः शोधायच्या आणि मग मान्य करायचं. मुलांना सुरुवातीला हे जाच वाटतं. एका पावसाळ्यात वाटेनासं होतं, आणि मग ती मलाच भिंग मागायला लागतात.

गेल्या जूनमध्ये पालीच्या बाजारात कातकरी मावशीची सून शेवळं घेऊन बसली होती. मावशी आता नाही. सुनेकडे फोन आहे, आणि माझ्या विद्यार्थिनीने तिच्याच जुडीचा फोटो काढून पडद्यावर आलेलं नाव आणि चित्र तिला दाखवलं. तिने फोन हातात घेतला, चित्र मोठं केलं, बारकाईने बघितलं आणि म्हणाली, "हे आमचं न्हाय. ह्याची मान आखूड हाय." आम्ही तिचं म्हणणं तिच्या नावाने जसंच्या तसं टिपणीत लिहिलं. दोन दिवसांत एका अभ्यासकाचं उत्तर आलं: बाईंचं बरोबर दिसतंय, ही जवळची दुसरी जात असू शकते, पण खात्रीसाठी शेवळ उभं चिरून आतल्या दांड्याचा तळ दाखवा. मादीफुलं, नरफुलं आणि त्यांच्या मधली वांझ फुलं कशी मांडली आहेत त्यावर सगळं ठरेल.

दांड्याचा तळ म्हणजे आत्या खरवडून टाकायची तो पिवळा दाणेदार भाग. शेवळाची खरी फुलं तीच.

पण तोवर बाजार उठला होता आणि शेवळांचा हंगामही सरला होता. येत्या मृगाला त्या सुनेकडून न सोललेली जुडी घ्यायची असं ठरलं आहे. कशासाठी हवी ते तिला सांगितलं तेव्हा तिने दोन्ही हात झटकले. "त्यो भाग त टाकायचाच असतो, बाई. त्याचं काय पैसं घ्यायचं? पर काकडं मात्र घ्यावी लागतील."